जानूची उशिराची थाप

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे. माझी गोष्ट खरं तर माझ्या जन्मापासून सुरू व्हायला हवी, पण मला राहून राहून एक पत्रच आधी आठवतं. ते पत्र मला आलेलं नव्हतं. ज्याच्या घरात मी खुंटीला टांगलेली असते, त्या सखारामला ते आलं होतं, आणि त्यानं त्याला उत्तरच दिलं नाही. पत्राबरोबर एक दोरी होती, सुती, पांढरी, नवीकोरी. ती मात्र माझ्यासाठी होती. ती माझ्या अंगावर चढली नाही आणि आली तिथं परतही गेली नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घडी होऊन पडली. तो डबा माझ्या खुंटीखालच्याच फळीवर. आपल्यासाठी आलेली वस्तू इतक्या जवळ असावी आणि ती आपली की नाही हेच कळू नये, तर कुणाला चैन पडेल? मला पडली नाही.

हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. कुणाचा हात पडल्याशिवाय ढोलकीला बोलायची सवय नसते. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

इंदुरीच्या बाजूला नदीकाठी शिसवीचं एक झाड वठलं होतं. त्याच्या खोडातून तिथल्या एका सुतारानं मला कोरून काढलं. कामशेतच्या बाजीरावनं माझ्या दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं ताणलं. एका बाजूला शाईचा काळा गोल, दुसऱ्या बाजूला आतून मसाला. अंगावर दोरी आणि दोरीत पितळी कड्या. कडी सरकवली की मी सुरात चढते, सैल केली की उतरते. बाजीरावनं पहिली थाप मारली तेव्हा दुकानाबाहेर तांदळाचं पोतं उचलणारा एक माणूस थबकून वळला. तो जानू. ते पोतं नेऊन टाकल्यावर तो तसाच परत आला आणि मला घेऊन गेला.

जानू औंढ्याचा. घाटात रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. चौघंजण रुळाखालची खडी टिकावानं ठोकून बसवायचे, एकामागून एक. त्यांच्यातला एकजण पायानं अधू होता. त्याचा टिकाव नेहमी अंमळ उशिरा पडायचा. बाकीचे तिघं त्याच्यासाठी हात वर धरून थांबायचे, कुणी काही बोलायचं नाही, आणि त्याचा घाव पडला की पुन्हा पहिल्यापासून. जानूनं तोच ताल माझ्यावर बसवला. तीन थापा सरळ, मग एक रिकामी जागा, आणि आता पडतच नाही असं वाटतंय तोवर चौथी. ऐकणाऱ्याचा श्वास त्या जागेत अडकायचा. पुढं आमच्या भागातल्या सगळ्या गायन पार्ट्या त्याला जानूचा ठेका म्हणू लागल्या.

ती माझी चांगली वर्षं. चौदा एप्रिल आली की मला उसंत नसायची. आज औंढे, उद्या कामशेत, परवा पवनेच्या बाजूची एखादी वस्ती. चौकात कनातींच्या मांडवाखाली गाणारे पुढं, पेटीवाला मधे आणि मी मागं जानूच्या मांडीवर. सखाराम तेव्हा पोरगेला होता. पुस्तकात तोंड घालून बसणारा, चारचौघांत बोलायचं म्हटलं की कानाच्या पाळ्या लाल होणारा. पण हात चांगला होता. जानूनं त्याला ओळखलं.

"तुला बोलाया येत न्हाई ना? मग हिला बोलू दे," जानू म्हणाला आणि मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

आता त्या दोरीची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्या भागात एका पार्टीला दुसऱ्या पार्टीचा ठेका किंवा चाल हवी असली, तर मागणारा नवी दोरी घेऊन यायचा. वस्तादानं ती आपल्या ढोलकीला बांधली की परवानगी मिळाली. परत केली की नकार, त्यात राग मानायचा नाही. पैशाचं बोलणं नसायचं. अट एकच: वाजवण्याआधी मांडवात ठेका ज्याचा, त्याचं नाव घ्यायचं. जानूनं एकही दोरी परत केली नाही. माझ्या अंगावर जुन्या दोरीला नवी जोडत तो गाठी मारत राहिला. एकदा सखारामनं विचारलं, "जानूभाऊ, सगळ्यांनाच देता. आपल्याकडं काय राहील?"

जानू हसला. "आरं, ठेका काय भाकरी हाय व्हय, दुसऱ्यानं खाल्ली की संपली?"

जानू गेला तेव्हा मी सखारामकडं आले. तो आता लोणावळ्याच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होता. दिवसभर पुस्तकं, संध्याकाळी मी. आणि त्याच सुमाराला ते पत्र आलं.

पत्र मनमाडहून आलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव प्रज्ञेश. कामशेतच्या एका कार्यक्रमात त्यानं सखारामचा हात ऐकला होता आणि चहाच्या वेळी दोरीची रीतही. "हा ठेका माझ्या गाण्यांत वाजवावा अशी फार इच्छा आहे," त्यानं लिहिलं होतं. "परवानगी असल्यास सोबतची दोरी बांधावी, नसल्यास परत पाठवावी. मी वाट पाहीन."

सखारामनं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दोरी माझ्या अंगाला लावून पाहिली. मग हात मागं घेतला.

"भाऊचा ठेका," तो मला म्हणाला. घरात दुसरं कुणी नसलं की तो माझ्याशी बोलायचा. "भाऊ न्हाई. मी कोण देणारा? आणि न्हाई म्हणणारा तरी मी कोण?"

त्यानं उत्तर लिहायला घेतलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला स्वतःचं वाक्य कधी पसंत पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. उद्या लिहू, रविवारी लिहू, असं करता करता पत्र दोरीसकट डब्यात गेलं. त्यानंतर तो ठेका वाजवू लागला की चौथ्या थापेच्या आधी त्याचे डोळे त्या डब्याकडं जायचे. हळूहळू त्यानं तो ठेका वाजवणंच कमी केलं.

पुढं चौकातल्या कनाती गेल्या आणि भिंतीएवढे स्पीकर आले. गायन पार्ट्या विरल्या. मी खुंटीला लागले. आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक असेल: भिंतीला ओल, कपड्यांना वास, आणि माझं कातडं असं सैल पडायचं की वाऱ्यानं कडी हलली तरी मला शिरशिरी यायची. शाईवर बुरशी चढली. सून रेणुका सणासुदीला माझ्यावरून फडकं फिरवायची तेवढंच. उन्हाळ्यात मी आपोआप चढायची, ताठ व्हायची, कुणीतरी हात लावेल म्हणून वाट बघायची. पुन्हा पाऊस.

मला खाली काढलं ते सखारामच्या नातीनं, कोमलनं.

कोमल आठवडाभर, आणि शनिवार-रविवारी तर न चुकता, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर उभी राहायची. आलेल्या पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या आणि गरम पाणी का नाही याची बोलणी खायची. घरी आली की कानाला हेडफोन आणि पुढं लॅपटॉप. ती बीट बनवायची. बीट म्हणजे काय हे मलाही उशिरा समजलं. ते बिनशब्दांचं गाणं असतं. ताल असतो, सूर असतो, शब्दांची जागा मोकळी ठेवलेली असते. कुठल्याही गावचा गाणारा ते इंटरनेटवरून घेतो आणि त्यावर आपले शब्द म्हणतो. तिच्या बीटला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. "सगळ्यांसारखंच वाजतंय माझं," ती आईला म्हणायची.

एक दिवस तिनं मला चुलीच्या उबेला धरून शेकलं, एक्सप्रेस वेच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधडी बांधली आणि आजोबांना बसवलं. "आबा, तुम्ही वाजवा. मी मधे बोलणार नाही." सखारामनं आधी नाही-नाही म्हटलं, मग बोटं मोडली, मग हात ठेवला. मित्रांनो, किती काळानं तो ठेका! माझ्यातून धूळ उडाली.

कोमलनं सवयीनं लॅपटॉपवर एक बटण दाबलं. ते सगळ्या थापा ओळीत आणतं. चौथी थाप बरोबर जागेवर येऊन बसली, आणि ठेका मेला. तिनं दोनदा ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि बटण मागं फिरवलं. चौथी थाप पुन्हा उशिरा पडली तेव्हा दारात उभ्या रेणुकाचा हात तांदूळ पाखडता पाखडता थांबला. "हां," कोमल म्हणाली, "हे न्हाई कुणासारखं."

आता ती बीट विकायला मांडायची होती. तिथं नुसती वस्तू ठेवून भागत नाही, कुणी काय वापरायचं याचे परवाने ठरवावे लागतात. तिनं आजोबांना पडद्यावर दाखवलं.

"हे बघा आबा, आमच्या रिसॉर्टसारखंच आहे. पहिला प्रकार म्हणजे एक रात्र खोली घेतली. गाणं बनवा, पण मर्यादेत. दुसऱ्यात ढोलकी वेगळी, बाकीची वाद्यं वेगळी, सगळे तुकडे सुटे देते, म्हणजे घेणाऱ्याला हवं तसं मांडता येतं. आज एक पाहुणा, उद्या दुसरा. बीट आपलीच राहते."

"आणि हे तिसरं?"

"एक्स्क्लुझिव्ह. त्यात एकालाच द्यायची. ही कुणाला द्यावी, तुमचं म्हणणं काय?"

सखाराम चष्मा पुसत म्हणाला, "त्यात काय विचारायचं? जो आधी मागंल त्याला द्यायची. भाऊ तेच करायचे."

कोमलनं तिसरा पर्यायही चालू ठेवला. मी खुंटीवरून ओरडणार होते, पण ढोलकी आपण होऊन ओरडत नाही.

मागणारा लवकरच आला. निलेश नावाचा मुंबईचा माणूस, एका संगीत कंपनीतला. त्याला बीट एक्स्क्लुझिव्हच हवी होती. कोमल त्या दिवशी रिसॉर्टचा गणवेश न बदलता घरभर फिरत होती. हे झालं तर काउंटर सुटेल, खंडाळ्याला एक खोली घेऊन आपला स्टुडिओ टाकता येईल, असं ती रेणुकाला सांगत होती. मग ईमेलवर कागद आला. त्यावर तिची सही हवी होती, आणि वादक म्हणून सखारामची.

सखारामनं कागद वाचायला घेतला. तो कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. कागदात नुसत्या बीटबद्दल लिहिलेलं नव्हतं. हा ताल आजवर कुणालाही दिलेला नाही आणि यापुढं देणार नाही, असं होतं. कुणी तो वापरलेला दिसल्यास कंपनीला कळवायचं, असंही होतं. त्यानं कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला.

कोमलनं निलेशला फोन लावून स्पीकर चालू केला.

"सर, एक विचारायचं होतं. आमच्या गावात चौदा एप्रिलला आबांनी हा ठेका वाजवला तर?"

"वाजवा की! आमची काही हरकत नाही. फक्त व्हिडिओ टाकू नका. सिस्टिम आपोआप उडवते, माझ्या हातात नसतं ते."

"आणि जुन्या पार्टीतल्या कुणी वाजवला तर?"

"ते तुम्ही आम्हाला कळवायचं. मॅडम, म्हणून तर एक्स्क्लुझिव्ह म्हणतात. तो उशिरा पडणारा ठोका आहे ना, तोच तर आम्हाला हवाय. सोमवारपर्यंत सही पाठवा."

फोन बंद झाला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. सखारामचा चेहरा पाहून मला माझी दोरी आवळल्यासारखी वाटली.

"कोमल, ही सही माझ्यानं व्हायची न्हाई," तो म्हणाला.

"आबा! तुम्हीच म्हणालात जो आधी मागेल त्याला द्या!"

"दे म्हणालो. दिलं म्हणजे आपल्याकडनं गेलं, असं कुटं म्हणालो मी? आमच्यात देणं म्हणजे दुसऱ्याकडं पण असणं. भाऊकडनं मी घेतला, तवा त्यांच्याकडचा सरला व्हता का?"

"ते तुमच्या दोरीचं झालं. हितं दोरी न्हाई चालत, आबा. हितं लायसन चालतं!" कोमल चिडली की तिचं काउंटरवरचं मराठी गळून पडतं. "माझ्याकडं दुसरं काय हाय? आयुष्यभर लोकांच्या किल्ल्या सांभाळू?"

सखारामनं चष्मा मिटून खिशात ठेवला. दोन दिवस आजोबा आणि नात वेगवेगळ्या वेळी जेवले. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. विहारात ग्रंथवाचनाची पाळी सखारामची होती, आणि रेणुका सांगत आली की मामंजींनी आज एकच ओळ दोनदा वाचली. इकडं कोमल कागद उघडायची, मिटायची. मी ओलीनं सैल पडले होते आणि तरी आतून ताणलेली होते.

तिसऱ्या दिवशी सखाराम माझ्या खुंटीखाली आला. त्यानं डबा काढला, पत्र आणि दोरी कोमलच्या लॅपटॉपशेजारी ठेवली.

"मी तुला म्हणालो ना, जो आधी मागंल त्याला. आधी मागणारा तो निलेश नव्हं. हा हाय."

कोमलनं पत्र वाचलं. तारखेवर तिचं बोट थांबलं. "मी चालायला तरी लागले होते का तेव्हा?"

"रांगत व्हतीस."

"आणि तुम्ही उत्तर दिलं नाही? हो म्हणून नाही, नाही म्हणून नाही?"

"न्हाई."

रेणुका चुलीपुढून म्हणाली, "एकजण पत्र दाबून बसला, दुसरी कागद दाबून बसलीया. कुणाची नात हाय ते सांगाया नको."

कोमलला हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळेही भरले. ती बराच वेळ त्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "कागदात लिहिलंय, हा ताल आपण कुणालाच दिलेला नाही, देणारही नाही. मी सही केली, तर ज्यानं इतकी वर्षं वाट बघितली त्याला उद्या मीच चोर म्हणायचं. हे न्हाई जमायचं मला."

तिनं निलेशला कळवलं: बीट इतरांसारखी परवान्यावर मिळेल, एकट्याला नाही. "बघतो," असं त्याचं उत्तर आलं, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. खंडाळ्याची खोली राहिली. शनिवारी कोमल गणवेशाला इस्त्री करून काउंटरवर गेली. मला याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्यामुळंच ते झालं होतं.

पण रविवारी रात्रीच्या जेवणाआधी ती पुन्हा लॅपटॉपपुढं बसली आणि सगळे परवाने नव्यानं मांडले. ज्या बीट तिनं एकटीनं बनवल्या होत्या, त्यांना तिसरा पर्याय ठेवला. "जे माझ्या एकटीचं, ते मी विकीन," ती म्हणाली. ज्यात माझा ठेका होता, तिथला तिसरा पर्याय काढून टाकला. पहिल्या दोन्ही पर्यायांखाली एक अट लिहिली: गाण्याबरोबर 'ठेका: जानू, औंढे' असं नाव द्यावं. सखारामनं ती अट वाचली, चष्मा काढला आणि पुन्हा वाचली.

मग त्यानं ती दोरी उचलली. ती आता पांढरी राहिली नव्हती, पिवळी पडली होती, पण भक्कम होती. जुन्या गाठींच्या शेवटाला त्यानं ती जोडली. गाठ दोनदा सुटली. कोमलनं एका टोकाला पाय लावून ताण धरला, त्यानं कड्या सरकवल्या. मित्रांनो, दोरी बांधताना ढोलकीला दुखतं, हे कुणी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या दुखण्यासाठी मी इतकी वर्षं तळमळत होते.

पत्र लिहायला मात्र दोन दिवस लागले. सखारामनं आधी खुलासे लिहिले, माफी लिहिली, पुस्तकातली एक ओळ घातली, सगळं फाडलं. शेवटी एवढंच उरलं: 'दोरी बांधली आहे. ठेका वाजवावा. वाजवण्याआधी जानूचं नाव घ्यावं. मला उशीर झाला.'

माझं एका बाजूचं कातडं विरलं होतं, म्हणून कोमल मला कामशेतला बाजीरावच्या मुलाकडं नेणार होती. वाटेत लोणावळ्याच्या पोस्टाशी आम्ही थांबलो. बारीक पाऊस होता. मी तिच्या पाठीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.

"हा माणूस त्या पत्त्यावर असंल का गं?" सखाराम म्हणाला. "असला तरी अजून गात असंल का?"

"ते त्याच्याकडचं, आबा. आपल्याकडचं टाका. शाई भिजतीय."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठंतरी एखादं जुनं वाद्य असेल. त्याला पावसात ओलीपासून जपा, उन्हात फार ताणून ठेवू नका, आणि अधूनमधून त्याच्यावर हात ठेवा. कुणी तुमच्याकडं काही मागितलं, तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण त्याला डब्यात ठेवू नका. डब्यातल्या वस्तूचे हाल मी खुंटीवरून पाहिले आहेत.

सखारामनं पाकीट पेटीच्या फटीत घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं त्याच्या बोटांत. मागं एक बाई छत्री घेऊन थांबली, तिच्यामागं आणखी एकजण. कोमलही पाकिटाकडं बघत उभी राहिली. सगळे हात वर धरल्यासारखे थांबले, अगदी घाटातल्या त्या तिघांसारखे.

मग आतून, पत्र्यावर, ती थाप पडली.